वेपवरची बंदी : मतं विलायती, तंबाखू आपली

भारतात वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणं गुन्हा आहे का? नाही. ऐकून दचकायला होतं, पण तिच्यावर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं एकही कलम नाही. बनवणं, आयात-निर्यात करणं, वाहून नेणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं हे सगळं बंद आहे. पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता झुरका मारणारा या यादीत कुठेच नाही.

मग खिशात एकच वेप असेल तर? इथे कायदा धूसर होतो. कलम ५ बोलतं ते जागेबद्दल. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने तिथे ई-सिगारेटचा साठा जाणूनबुजून ठेवू देता कामा नये. आता खिसा म्हणजे 'जागा' का, आणि एक नग म्हणजे 'साठा' का, यावर दोन वकील तासभर भांडू शकतात. आरोग्य मंत्रालयाचं म्हणणं असं की कुठल्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हासुद्धा कायद्याचा भंग. दुबईहून येताना बॅगेत टाकून आणली तर मात्र वादाला फारशी जागा नाही, ती आयात झाली. आणि थायलंडला फिरायला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की तिथेही वेपची आयात २०१४ पासून आणि विक्री २०१५ पासून बंद आहे. बँकॉकच्या रस्त्यावर उघड दिसते म्हणून ती कायदेशीर होत नाही.

कायदा एवढाच. त्याबद्दलची मतं मात्र ढीगभर. एका बाजूचे म्हणतात, बंदी हवीच, उलट आणखी कडक हवी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सिगारेट टपरीवर राजरोस विकता आणि तिच्यापेक्षा कमी घातक वस्तू बंद करता, हा कुठला न्याय? दोन्ही बाजू ऐकताना मला एक गोष्ट खटकत आली आहे. एक बाजू अमेरिकेचा अनुभव उचलून आणते, दुसरी इंग्लंडचा. आपल्याकडे तंबाखू नेमकी कशी आणि कोण खातं, हे दोघांच्या बोलण्यात क्वचितच येतं. पण आधी ती वस्तू काय आहे ते पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

वेपची रचना साधी असते. एक बॅटरी, तिच्यावर तापणारी तारेची कॉइल, कॉइलला लागून कापूस आणि कापसात मुरलेला द्रव. ओढलं की कॉइल तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेबरोबर घशात जातात. याला वाफ म्हणायची पद्धत पडली आहे, पण ही भाताच्या कुकरमधली वाफ नाही. तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, आंब्यापासून बबलगमपर्यंत कुठलाही स्वाद आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या रूपातली ई-सिगारेट घडवली.

सिगारेट-बिडीत जिवावर बेततं ते मुख्यतः जळण्यामुळे. तंबाखूचं पान जळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ढोबळ बोलायचं तर निकोटीन सवय लावतं आणि धूर मारतो. वेपमध्ये काही जळत नाही. म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तापलेल्या कॉइलमधून धातूचे अंश येतात, द्रव जास्त तापला तर फॉर्माल्डिहाइडसारखे घातक पदार्थ बनतात, आणि निकोटीन तर आहेच. पण धूर नाही. सगळं भांडण या एका वाक्याभोवती आहे.

आता अमेरिका. सुरुवातीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटीन वाढवलं की घशाला झोंबायचं, त्यामुळे प्रमाणाला आपोआप लगाम बसायचा. जूल या कंपनीने निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला. झोंबणं गेलं, लगामही गेला. पेनड्राइव्हसारखी दिसणारी ती वस्तू शाळाशाळांत पोचली. २०१९ च्या सरकारी पाहणीत तिथल्या हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात वेप ओढल्याचं सांगितलं. त्याच उन्हाळ्यात आणखी एक संकट आलं. वेप ओढणारी धडधाकट तरुण पोरं श्वास लागून इस्पितळात भरती होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली.

भारताची बंदी नेमकी याच काळातली आहे. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने राज्यांना ई-सिगारेट रोखण्याचा सल्ला दिला होता, पण त्यापाठोपाठ निघालेल्या, औषध अधिकाऱ्यांना विक्री रोखायला सांगणाऱ्या परिपत्रकाला मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मुद्दा असा होता की ही वस्तू 'औषध' ठरत नसेल, तर औषधांच्या कायद्याखाली तिला अडवणार कसं? मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली. आणि १८ सप्टेंबरला निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत अध्यादेशाची घोषणा केली. वर्तमानपत्रांत त्या आठवड्यांत अमेरिकेतल्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला संसदेची मंजुरी झाली आणि ५ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली.

पुढे त्या अमेरिकन आजाराचं कारण सापडलं. रुग्णांच्या फुप्फुसातल्या द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट आढळलं. गांजाचा अर्क भरलेल्या वेपच्या कार्ट्रिजमध्ये तेल दाट दिसावं म्हणून भेसळ करणारे ते घालत होते. म्हणजे बहुतांश बळी दुकानातल्या निकोटीनच्या वेपने गेले नव्हते, चोरट्या बाजारातल्या मालाने गेले होते. बंदीच्या बाजूने आजही व्हॉट्सॲपवर फिरणारे 'वेपमुळे फुप्फुसं निकामी' असे संदेश पाहिले की मला हे आठवतं. त्या घटनेतून काही शिकायचं असेल तर ते चोरट्या मालाबद्दल आहे, आणि बंदीनंतर आपल्याकडे जो माल उरला आहे तो सगळाच चोरटा आहे.

इंग्लंडची गोष्ट उलट आहे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये म्हटलं की वेप ही सिगारेटपेक्षा साधारण ९५ टक्क्यांनी कमी हानिकारक आहे. हे ९५ टक्के आपल्याकडचे वेपसमर्थक मंत्रासारखं म्हणतात. हा आकडा प्रयोगशाळेत मोजून आलेला नाही, हे मात्र सांगत नाहीत. काही तज्ज्ञ एकत्र बसले, त्यांनी वेगवेगळ्या निकोटीनच्या वस्तूंना हानीचे गुण दिले, त्यातून तो निघाला. त्यावर तेव्हाच टीका झाली होती. अंदाज म्हणून तो वाईट नाही, पण तो अंदाज आहे.

त्याहून भक्कम पुरावा दुसरा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्यांपैकी काहींना वेप दिली, काहींना निकोटीनची गोळी, पट्टी वगैरे. वर्षभराने वेपवाल्यांतले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट. पण त्याच चाचणीतला पुढचा आकडा फारसा कोणी सांगत नाही. सिगारेट सुटलेल्या वेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते, दुसऱ्या गटात असं निकोटीन चालू ठेवणारे ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटीन नाही. हे यश म्हणायचं की अपयश, हे तुम्ही कुठून बघता त्यावर आहे. पन्नाशीच्या, वीस वर्षं दिवसाला पाकीट संपवणाऱ्या माणसासाठी मी त्याला बिनदिक्कत यश म्हणेन.

इंग्लंडने वेप मोकाट सोडली असाही समज आहे. तोही खरा नाही. २०१६ पासून तिथे मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन चालत नाही, टाकी दोन मिलिलिटरची, आणि अठराच्या खाली विक्री तर २०१५ पासूनच नाही. मुलांच्या हातात रंगीबेरंगी वापरून-फेकायच्या वेप दिसायला लागल्या तेव्हा १ जून २०२५ पासून त्या पूर्ण बंद केल्या. पिणाऱ्याला सिगारेटपासून ओढून घ्यायचं आणि न पिणाऱ्या पोराला हातही लावू द्यायचा नाही, अशी ही तारेवरची कसरत आहे आणि त्यांचीही पूर्ण जमलेली नाही.

आता आपल्या अंगणात येऊ.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे किती? ३.८ टक्के. आणि खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे? २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात म्हणून बेरीज जुळत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की इंग्लंडहून आणलेला युक्तिवाद अडखळतो. त्याचा सगळा डोलारा धूर काढून टाकण्यावर उभा आहे. आपल्या तंबाखूत धूर आहेच कुठे? तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, तव्यावर भाजून दातांना लावायची मशेरी, विदर्भातला खर्रा, नगरकडचा मावा, गुटखा. यातलं काहीच जळत नाही. तरीही टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाची रांग लागते, कारण इथे मारणारी गोष्ट धूर नाही, गालाशी दाबून ठेवलेलं पान आहे. त्या माणसाला वेप देऊन काय साधणार? सकाळी मशेरी लावणारी आजी आंब्याच्या स्वादाची वेप ओढायला लागेल, असं कोणालाच वाटत नाही.

बिडी ओढणाऱ्याचं वेगळं आहे. देशभरात सिगारेटपेक्षा बिडी ओढणारे जास्त आहेत, त्या पाहणीत ७.७ टक्के विरुद्ध ४ टक्के. त्यांच्यासाठी धुराचा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या लागू पडतो. पण त्यांच्या खिशाला काय परवडतं? बॅटरी, कॉइल, द्रव आणि चार्जिंगचा खटाटोप असलेली वस्तू बिडीच्या बंडलाशी किमतीत टक्कर देऊ शकत नाही.

मग आपल्याकडे वेप ओढतं कोण? पाहणीच्या वेळी ई-सिगारेट हे नाव ऐकलेलेच देशात तीन टक्के प्रौढ होते. आज ज्यांच्या हातात ती दिसते ती शहरांतली कॉलेजची मुलं-मुली आणि त्यांच्याही खालची शाळेतली. यातल्या बऱ्याच जणांनी बिडी-सिगारेटला कधी हात लावलेला नसतो. त्यांच्यासाठी तुलना वेप आणि सिगारेटची नाही, वेप आणि साध्या हवेची आहे. त्या तुलनेत वेप हरते, आणि मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते हे ध्यानात घेतलं तर वाईट हरते.

म्हणून मला २०१९ चा निर्णय मुळात चुकीचा वाटत नाही. सवय रुजण्याआधी उपटावी, हा सरकारचा हिशोब होता आणि आपल्या आकड्यांकडे बघता तो समजण्यासारखा होता. 'सिगारेट चालू, वेप बंद' यामागे काहींना कंपन्यांचा हात दिसतो. सरकारी आयुर्विमा महामंडळाचा सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीत मोठा हिस्सा आहे, हे बोट दाखवून सांगतात. हिस्सा आहे हे खरं. पण मला सरळ उत्तर पुरेसं वाटतं. सिगारेट-बिडी बंद करायची तर शेतकरी रस्त्यावर येतात, सिन्नर आणि सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बायका रस्त्यावर येतात. वेपसाठी २०१९ मध्ये रस्त्यावर येणारं कोणी नव्हतं. दुकानदार मोजके, वापरणारे त्याहून मोजके, आणि माल बहुतेक चीनमधल्या शेन्झेनहून येणारा. याच चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात फळांच्या स्वादाच्या वेप विकायला बंदी घातली आणि बाहेर पाठवायला मोकळीक ठेवली. स्वतःच्या पोरांना नको, दुसऱ्यांच्या पोरांना चालेल!

निर्णय समजण्यासारखा, मग अडतं कुठे? अंमलबजावणीत. आणि यासाठी परदेशात बघायची गरज नाही, आपला गुटखा आहे.

गोव्याने २००५ मध्ये गुटखा बंद केला, महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये. आपल्याकडे ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली येते, म्हणून तिची मुदत दर वर्षी नव्याने वाढवावी लागते. टाटाच्या डॉक्टरांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं आणि उघड जाहिराती, दारातल्या माळा गेल्या, हा फायदा नाकारता येत नाही. पण गुटखा गेला का? सुगंधी सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची वेगळी पुडी, दोन्ही एकत्र करा की झाला गुटखा. शिवाय शेजारच्या राज्यातून टेम्पो भरून येतो तो वेगळाच, अधूनमधून पकडल्याची बातमी येते आणि टपरीवाल्याला 'आहे का?' एवढंच विचारावं लागतं. सुट्टी सिगारेट विकायलाही महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. ती आठवण करून दिली तर टपरीवाला हसतो.

वेपचंही तेच झालं आहे, फक्त टपरीची जागा फोनने घेतली. इन्स्टाग्रामवर संदेश, दुचाकीवरून पोच. माल कंटेनरमधून येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर विभागाने सुमारे दोन लाख ई-सिगारेट पकडल्या, किंमत ४८ कोटींच्या घरात. एका खेपेत एवढं सापडतं, तर न सापडलेलं किती असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

बंदीचा एक परिणाम फार कमी जणांच्या लक्षात येतो. विक्री कायदेशीर असती तर सरकार सांगू शकलं असतं की निकोटीन अमुक इतकंच, स्वाद अमुकच, वय तपासा, नाही तर परवाना रद्द. विक्रीच अस्तित्वात नसेल तर हे नियम कोणाला लावणार? इंग्लंडमध्ये २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडे मर्यादाच नाही, कारण कागदोपत्री वस्तूच नाही. चोरट्या बाजारात ५० मिलिग्रॅमची वेप चौदा वर्षांच्या पोराला विकणाऱ्याला चाळीस वर्षांच्या माणसाला विकण्याहून जास्त धोका वाटत नाही. बालन्याय कायद्यात मुलांना तंबाखूजन्य वस्तू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे खरी. विकणाऱ्यांपैकी कितींनी हे ऐकलं असेल?

मग बंदी उठवून दुकानं उघडायची का? ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग करून पाहिला. ऑक्टोबर २०२१ पासून निकोटीनची वेप फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर. लोक डॉक्टरकडे गेलेच नाहीत, चोरट्या दुकानात गेले. मग १ जुलै २०२४ पासून फक्त औषधांच्या दुकानात, आणि ऑक्टोबरपासून अठरावरच्यांना चिठ्ठीशिवाय, औषधविक्रेत्याशी बोलून. कागदावर हे मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. पण तिथे सिगारेटवर करच एवढा चढवला आहे की चोरट्या तंबाखूचा धंदा फोफावला, आणि मेलबर्नमध्ये टोळ्या एकमेकांची दुकानं पेटवू लागल्या. चांगल्या नियमाला शेजारी वाईट हिशोब मिळाला की असं होतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं मिळतात, तिथे वेप कशी विकली जाईल याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. म्हणून दुकानं उघडा म्हणायला माझी जीभ आज तरी रेटत नाही.

एक बारीक गोष्ट मात्र चर्चेत यायला हवी. २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलं आहे की औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेली वस्तू यात धरलेली नाही. म्हणजे एखाद्याने वेप औषध म्हणून सिद्ध केली, चाचण्या दिल्या, परवाना मिळवला, तर दार किलकिलं आहे. ज्यांना खरोखर सिगारेट सोडवायची आहे त्यांनी हे दार ठोठावावं. फळांचे स्वाद आणि चमचमती खोकी विकायची असतील तर ते इथून शिरणार नाही, आणि न शिरलेलंच बरं.

तोवर सोडू पाहणाऱ्याच्या हातात काय आहे? दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. तंबाखू मळणाऱ्यालाही ते चालतं. धूर आहे की नाही हा प्रश्नच तिथे येत नाही, आणि तोंडात काहीतरी घोळवायची सवय तेवढीच भागते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तो नंबर शोधायलाही लागत नाही. २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर, त्या भयंकर चित्राखाली, तो छापावाच लागतो. इन्स्टाग्रामवरून मागवलेल्या वेपच्या खोक्यावर मात्र टरबुजाचं चित्र असतं.